हात मागे ठेवून

२ ऑगस्ट

रागावलेल्या मामांस,

नमस्कार. रागात असलात तरी हा घ्यावाच लागेल, कारण नमस्कार परत पाठवायची सोय टपालखात्यात अजून झालेली नाही.

तुम्ही दादाकडे राहायला गेल्याला आता बरेच महिने झाले. पोचल्याचा निरोप मामीने दिला, तब्येत मामीने कळवली, दादाच्या घराच्या गॅलरीतून काय काय दिसतं तेही मामीनेच सांगितलं. तुमचं एक अक्षर नाही. ठीक आहे. मी तुमच्याच घरात लहानाची मोठी झाले, तुमचा अबोला मला नवा नाही. फक्त पूर्वी तो जेवायच्या वेळेपर्यंत उतरायचा.

कारण मला ठाऊक आहे. मुलं वर्गाबाहेर काय शिकतात, कशी घडतात, हे तपासायला विद्यापीठाने नवा कक्ष काढला आणि त्यात बसवलं कुणाला, तर तुमच्या सख्ख्या भाचीला. ज्या प्राध्यापकाने जन्मभर पदार्थविज्ञान शिकवलं आणि वर 'खरं शिक्षण शनिवारी दुपारी, दुरुस्तीखोलीत' असं कुलगुरूंनासुद्धा ऐकवलं, त्याच्याच घरात मोजपट्टी शिरली. "रोज रोप उपटून मुळं किती वाढली ते बघणारी माळीण!" हे तुम्ही मला म्हणालात, निघायच्या आदल्या दिवशी, जेवताना, मामीसमोर. मी म्हटलं, जे कुणी तपासलंच नाही ते आहे हे लोकांना कळणार कसं? तुम्ही ताट सारून उठलात. झालं, एवढंच भांडण. एवढ्यावर माणसं इतके महिने गप्प बसतात का?

आता मुद्द्याचं लिहिते. तुमची दुरुस्तीखोली जायची वेळ आली आहे.

परीक्षा विभागाला उत्तरपत्रिका ठेवायला जागा पुरत नाही. वसतिगृहाच्या तळमजल्यावर एक मोठी, कोरडी, कुलूप लागणारी खोली आहे आणि आठवड्यातून एकदा तिच्यात पोरं किटल्या उघडून बसतात, असं परीक्षा नियंत्रकांनी समितीपुढे मांडलं. समितीने विचारलं, तिथे मुलं शिकतात काय? कुणालाच धड सांगता येईना. "काहीतरी चांगलंच शिकत असतील," असं क्रीडाप्रमुख म्हणाले म्हणे. मार्चमध्ये निर्णय आहे. तोवर तिथे कसलं शिकणं होतं ते मी तपासून समितीला दाखवायचं. नाही दाखवता आलं तर खोली उत्तरपत्रिकांची.

म्हणजे बघा मामा, तुमची बाग वाचवायची पाळी शेवटी माळणीवरच आली. हसू नका. हसायला आलं तर मात्र पत्र लिहून कळवा.

तुमची भाची


६ सप्टेंबर

मामा,

शनिवारी मी पहिल्यांदाच कामासाठी म्हणून खोलीत गेले. याआधी कितीदा तरी आले असेन, पण तुम्हाला बोलवायला, आणि तेही दारातून. "मामी वाट बघतेय," एवढं ओरडायचं आणि पळायचं.

सगळं जागच्या जागी आहे. लांब टेबल, त्याच्यावरचे डाग, पक्कडी आणि स्क्रूड्रायव्हर टांगायची फळी, डुगडुगणारं ते एक स्टूल. ते कुणी दुरुस्त करत नाही. जिराफ म्हणतो, ती परंपरा आहे. जिराफ म्हणजे यंदा खोलीची किल्ली ज्याच्याकडे आहे तो मुलगा, इतिहासाचा, दाराच्या चौकटीला डोकं लागतं म्हणून हे नाव. दुसरी किटली. ही पहिल्या वर्षी स्वतःची बंद पडलेली किटली घेऊन आली आणि मग कधी गेलीच नाही. शिकते अर्थशास्त्र, पण तिच्या बोटांना विजेच्या उपकरणांची भाषा येते. दोघं एकमेकांवाचून चहाही पीत नाहीत आणि तसं काही नाही असं न विचारता सांगतात.

दाराच्या आत तुमच्या अक्षरातली पाटी तशीच आहे. 'शिकवणाऱ्याने हात मागे ठेवावेत.' अहवालासाठी मी ती पद्धत शब्दांत मांडली आहे, बरोबर आहे का पाहा. 'ज्याची वस्तू बिघडली तो स्टुलावर बसतो आणि ती स्वतः उघडतो. ज्याला काम येतं तो शेजारी उभा राहतो, दोन्ही हात पाठीमागे गुंफतो आणि फक्त बोलतो. समोरच्याने कितीही घोळ घातला तरी हात पुढे आणायचे नाहीत. आज जो स्टुलावर बसला तो पुढे कधीतरी उभा राहतो.' काही चुकलं असलं तर कळवा. नाही कळवलंत तर बरोबर आहे असं धरून चालेन.

मी चार निकष ठरवले आहेत. मदत मागता येणं, दुसऱ्याचं ऐकून घेणं, चुकीतून शिकणं, मतभेद सामोपचाराने मिटवणं. प्रत्येकापुढे तीन पायऱ्या, 'सुरुवात', 'जमतंय', 'जमलं'. आमच्या कामात एक नियम असतो, जो तुम्हालाही पटेल. निकष मुलांपासून लपवायचे नाहीत. ज्याची परीक्षा घ्यायची त्याला ती कशाची ते माहीत हवं. म्हणून मी तक्ता पाटीशेजारीच लावला आणि पहिल्या दिवशीच्या नोंदीही खाली लिहिल्या.

नोंदी मात्र फारशा बऱ्या नाहीत. अख्ख्या दुपारीत कुणाचं भांडणच झालं नाही, म्हणून मतभेदाची ओळ रिकामी. किटली चुकलीच नाही, म्हणून चुकीतून शिकण्यापुढे तिच्या नावाला काही नाही. जे दिसलं नाही ते लिहायचं नाही, हाही नियमच. बघू, वर्ष मोठं आहे.

तुमची भाची


१८ ऑक्टोबर

मामा,

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते मी करून बसले आहे. तुम्हाला आनंद होईल अशी बातमी आहे, तेव्हा नीट टेकून बसा.

मी शनिवारी वही घेऊन गेले. आत शिरते न शिरते तोच जिराफ टेबलावर हात आपटून ओरडला, "माझ्या मते हा तुझा अन्याय आहे!" किटली त्याच्याहून मोठ्याने, "आणि माझ्या मते हा तुझा गैरसमज आहे!" मग जिराफने तिरक्या नजरेने भिंतीवरच्या तक्त्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "पण आपण हा मतभेद सामोपचाराने मिटवू शकतो." किटली म्हणाली, "हो, मी तुझं ऐकून घेते." बाकीच्या पोरांनी टाळ्या वाजवल्या. मामा, मी तोंडावर वही धरली. हसू आवरेना.

तेवढ्यावर थांबते तर ती किटली कसली. चुकीतून शिकणं राहिलं होतं ना! एका मुलाचा टेबलफॅन पुढ्यात होता. बाईंनी त्यात मुद्दाम एक तार भलतीकडे जोडली, मग ती चूक तिला 'सापडणार' होती आणि त्यातून ती शिकणार होती. पण मला दाखवायच्या घाईत जोडलेलं कुणी तपासलंच नाही आणि पंखा तसाच लावला. फट्‌ आवाज झाला आणि तळमजल्यावरचे सगळे दिवे गेले. धोबीखान्यातली यंत्रं बंद, वरून पोरांचा आरडाओरडा.

मग खरं भांडण झालं. जिराफ पांढराफटक. "तुला अक्कल आहे का? कुणाला शॉक बसला असता तर?" किटली म्हणाली, "खोली वाचवायची हे तूच म्हणालास." तो म्हणाला, "मी भांडायला सांगितलं होतं, जाळायला नव्हतं." ती म्हणाली, "तू मला नेहमी सांगतोसच फक्त." या वाक्यात पंख्याशिवाय पुष्कळ काही होतं हे मलाही कळलं. ती निघून गेली. तेव्हापासून दोघं बोलत नाहीत आणि आता मतभेदाच्या ओळीत लिहायला एवढं आहे की कागद पुरायचा नाही. फक्त ते 'सामोपचाराने' कुठे दिसत नाही.

मी तक्ता काढून फाडला. पोरं खोटं वागली असं मला वाटत नाही. त्यांची खोली जात होती आणि काय केल्याने राहील ते मीच भिंतीवर लिहून ठेवलं होतं. मग त्यांनी तेच केलं. कुणीही केलं असतं.

घ्या, म्हणा आता, माळणीने रोप उपटलं. पण मामा, खोली अजून जायचीच आहे, आणि मार्च काही थांबत नाही. मला काहीतरी दुसरं शोधायला हवं आणि मला ते सुचत नाही. तुम्ही असता तर विचारलं असतं. तुम्ही काहीच सांगितलं नसतंत, नुसते चष्मा पुसत बसला असतात, पण विचारलं तरी असतं.

तुमची भाची


५ नोव्हेंबर

मामा,

मामीचा फोन आला होता. तुम्हाला काही सांगू नको असं तिने मला बजावलंय, म्हणून मी फक्त एवढंच विचारते, परवा संध्याकाळी तुम्हाला एवढा ठसका कशाने लागला? आणि ठसका लागलेला माणूस 'सामोपचाराने, सामोपचाराने' असं म्हणत डोळे पुसतो का?

बरं वाटलं. एवढंच लिहायचं होतं.

तुमची भाची


१४ डिसेंबर

मामा,

सापडलं! आणि खोलीत नाही सापडलं, ग्रंथालयात सापडलं.

मी परतीची पुस्तकं द्यायला गेले होते. खिडकीशी दोन मुली बसलेल्या, म्हणजे एक बसलेली, एक तिच्या खांद्यामागे उभी. बसलेलीच्या पुढ्यात कसलंसं गणित होतं आणि ती अडली होती. उभी असलेली हळू आवाजात म्हणत होती, "नाही, मागच्या ओळीत बघ. तिथे काय गृहीत धरलंयस?" माझं लक्ष गेलं ते तिच्या पाठीमागे. दोन्ही हात एकमेकांत गुंफलेले, बोटं घट्ट. ही मुलगी मागच्या वर्षी खोलीत यायची, रेडिओवाली. यंदा वेळ मिळत नाही म्हणून सोडलंय म्हणाली. खोली सोडली, पण हात अजून मागेच. मी विचारलं, "हात असे का गं?" ती स्वतःच चपापली. "पेन्सिल तिच्या हातातून घ्यावीशी वाटते ना मॅडम," म्हणाली, "म्हणून."

मी तिथेच खुर्चीवर बसले. इतके महिने मी स्टुलाकडे बघत होते. तार जोडता येणं हे तर दिसतंच, त्याला मी कशाला हवी? खरं अवघड काम उभा राहणारा करत होता. येत असून न करणं, दुसऱ्याला चुकू देणं, आणि तरी सोडून न जाणं. आणि ते शिकलेलं माणूस ओळखायचं तर खोलीच्या बाहेर ओळखायचं, जिथे माझा तक्ता नाही आणि तुमची पाटीही नाही.

मग काय, मला वेडच लागलं. भोजनगृहात, मैदानावर, प्रयोगशाळेच्या दारात, जिथे कुणी कुणाला काही सांगतंय तिथे मी मागून जाऊन हात बघते. लोकांना वाटत असेल बाई काहीतरी चोरीला गेलेलं शोधतेय. सगळ्यांचे हात मागे नसतात. खोलीत नियमाने येणारे काही जण बाहेर सर्रास दुसऱ्याचं काम ओढून घेतात, तेही मी लिहून ठेवते. गैरसोयीचं तेवढं गाळलं तर मग ते कौतुक झालं, तपासणी नाही.

खोलीतून बाहेर पडलेल्या जुन्या मुलांनाही पत्रं टाकली. एकच प्रश्न विचारला, 'हात मागे ठेवायची वेळ अलीकडे कधी आली?' उत्तरं येताहेत. एक परिचारिका झाली आहे, नव्या मुलींना सुई टोचायला शिकवते. ती लिहिते, 'पेशंटला दुखू नये म्हणून सुई हिसकावून घ्यावीशी वाटते. पण मग ती मुलगी जन्मात शिकायची नाही आणि पुढच्या प्रत्येक पेशंटला दुखेल.' एक जण मुलीला बुटाची नाडी बांधू देतो आणि रोज कामावर उशिरा पोचतो. एकाने मात्र लिहिलं आहे, 'मला हे कधीच जमलं नाही. कचेरीत सगळ्यांची कामं मीच करत बसतो, बायको म्हणते तुझ्या मामांना— (म्हणजे तुम्हाला, सगळे तुम्हाला मामाच म्हणतात हे मला आत्ता कळलं!) —परत भेटून ये.' हे उत्तर मी अहवालात सगळ्यांत वर घालणार आहे.

आणि हो, किटली-जिराफचं मिटलं. किटलीच्या दप्तराचा पट्टा तुटला. शिवणयंत्र फक्त जिराफला येतं. ती येऊन स्टुलावर बसली, त्याच्याकडे न बघता. तो हात मागे घेऊन उभा राहिला, भिंतीकडे बघत. तो भिंतीला सूचना देत होता आणि ती यंत्राला उत्तरं देत होती. तिने शिवण तीनदा वाकडी घातली. तो काही बोलला नाही. शेवटी तीच म्हणाली, "आता तरी सांग ना काय चुकतंय." तो म्हणाला, "मी नेहमी सांगतोच फक्त, असं कुणीतरी म्हणालं होतं." पट्टा होईपर्यंत दोघं दोऱ्याच्या रंगावरून भांडत होती, म्हणजे सगळं ठीक झालं. हे कुठल्या ओळीत भरायचं, सांगा.

तुमची भाची


८ फेब्रुवारी

मामा,

पोरांनी मला पकडलं. किटली म्हणाली, "मॅडम, तुम्ही इतके महिने आमचे हात बघताय. तुमचे हात आम्ही कधी बघायचे?" जिराफ म्हणाला, "उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात याला." हे त्याने बोलावं, उंटाएवढ्या उंचीच्या माणसाने!

तर मी माझी बंद पडलेली इस्त्री घेऊन गेले आणि डुगडुगत्या स्टुलावर बसले. किटली शेजारी उभी राहिली. मामा, पहिला स्क्रू निघेपर्यंतच मला घाम फुटला. मी म्हटलं, "तू एकदा दाखव ना, मग मी करते." ती म्हणाली, "मॅडम, पाटी वाचा." मी म्हटलं, "एवढं तरी धर." ती म्हणाली, "टेबल आहे की धरायला." मग बोलणं बंद. मी चुकत होते हे तिच्या श्वासावरून कळत होतं आणि ती बोलत नव्हती. राग आला. मग थोड्या वेळाने राग गेला आणि वाटलं, हिला खात्री आहे की मला जमेल. माझी मला नव्हती.

आत एक तार तुटलेली होती. मी ती सोलली, जोडली, दोघींनी दोनदा तपासलं (पंख्याच्या प्रकारापासून सगळे फार तपासतात), आणि इस्त्री तापली. एवढा आनंद मला नोकरीचं पत्र आलं तेव्हा झाला नव्हता. त्या आनंदात रुमाल जाळला.

पोरांनी माझाच जुना तक्ता आठवून मला गुण दिले. मदत मागता येणं, 'जमलं, जरा जास्तच जमलं'. दुसऱ्याचं ऐकून घेणं, 'सुरुवात'. मी हरकत घेतली तर म्हणाले, बघा, हेच.

घरी येताना सायकल आठवली. तिची चेन उतरली की तुम्ही मला फाटकाशी बसवायचात आणि स्वतः हात मागे घेऊन उभे राहायचात. माझे हात काळे, डोळ्यांत पाणी, आणि तुम्ही उभेच. मला वाटायचं मामांना कपडे मळायचा कंटाळा आहे. मामीला तसं सांगितलंही होतं. मला तुमची फार आठवण येते, मामा. हे अहवालात लिहिता येत नाही म्हणून इथे लिहिते.

तुमची भाची


२१ मार्च

मामा,

समिती झाली. क्रमाने सांगते, मधेच शेवट वाचू नका. मामी, त्यांना वाचू देऊ नकोस.

मी विनंती केली होती की बैठक खोलीतच घ्यावी आणि प्रत्येकाने येताना घरची एखादी बिघडलेली वस्तू आणावी. मुलांनाही सांगून ठेवलं होतं, लपवाछपवी नाही. मात्र नाटक दिसलं तर मी स्वतः खोलीला कुलूप लावीन असा दमही भरला होता. वस्तू आणली फक्त एकाने, आणि तेही परीक्षा नियंत्रकांनी. उत्तरपत्रिकांवर क्रमांक उमटवायचं हातातलं यंत्र. सातावर अडकतं, पुढे जात नाही. तुमचे आणि त्यांचे संबंध मला माहीत आहेत. ते बसण्याआधीच म्हणाले, "मॅडम, तुमच्या मामांचं भाषण मी वीस वर्षं ऐकलंय. मला आकडा सांगा. या खोलीला शंभरपैकी किती?"

मी म्हटलं, "आकडा आहे, पण खोलीचा नाही." आणि जे होतं ते मांडलं. जुन्या मुलांपैकी निम्म्याहून जास्त जणांनी उत्तर दिलं, त्यांतल्या बहुतेकांना हात मागे ठेवल्याचा अलीकडचा प्रसंग सांगता आला, काहींना नाही आला, आणि एकाला मुळीच जमलेलं नाही. ते वाचून दाखवल्यावर कुलगुरू हसले. नियंत्रक हसले नाहीत. म्हणाले, "पत्रात काय, कुणीही काहीही लिहील." खरं सांगू का, मी त्यांच्या जागी असते तर हेच म्हणाले असते.

तेव्हा जिराफ म्हणाला, "सर, तुमचं यंत्र उघडू या का?"

नियंत्रक स्टुलावर बसले. जिराफ शेजारी उभा, हात मागे. बाकी समिती खुर्च्यांवर, ती त्या दोघांच्या पाठीमागे. असं बसायचं मी ठरवलं नव्हतं, टेबल भिंतीकडे तोंड करून आहे म्हणून तसं झालं. नियंत्रकांचे हात थरथरतात हे मला माहीत नव्हतं. तुम्हाला होतं का? बारीक स्प्रिंग निसटली, घरंगळली. त्यांनी ती उचलली, पुन्हा निसटली. जिराफचा आवाज शांत होता. "डावीकडे, सर. अजून थोडं. घाई नाही." पण मागे त्याचे हात! बोटं बोटांना पकडत होती, सुटत होती, नखं तळव्यात रुतत होती. एक हात सुटून पुढे निघायचा आणि दुसरा त्याचं मनगट धरून मागे ओढायचा. समितीतलं कुणीही यंत्राकडे बघत नव्हतं. सगळे त्या हातांकडे बघत होते. क्रीडाप्रमुखांनी आपलेच हात कधी मागे नेले ते त्यांनाही कळलं नसावं.

यंत्र जुळलं. नियंत्रकांनी कागदावर दाबलं. सात. पुन्हा दाबलं. आठ. त्यांनी तो कागद बराच वेळ हातात धरला. मग म्हणाले, "गेल्या वर्षी हे मी शिपायाकडे दिलं होतं, त्याआधी दुकानात. प्रत्येकाने माझ्या हातातून काढून घेतलं." 

निर्णय असा. खोली राहिली! एक भिंत उत्तरपत्रिकांच्या कपाटांना द्यायची, बाकी तीन भिंती, टेबल, पाटी आणि शनिवार आपला. किल्ली दोघांकडे. काल शनिवार होता. नियंत्रक कपाटांचं माप घ्यायला म्हणून आले आणि संध्याकाळपर्यंत बसले. पुढच्या वेळी छत्री आणणार आहेत.

मला माहीत आहे तुम्ही काय म्हणाल. शेवटी माझ्या अहवालाने नाही, पोराच्या हातांनी खोली वाचवली. अर्धं कबूल. पण त्या हातांकडे बघायचं हे त्या लोकांना सुचलं कशाने? सगळी मंडळी त्या आधी अर्धा तास फक्त हातांबद्दलच ऐकत होती ना? नसती ऐकली तर त्यांनी स्प्रिंगच बघितली असती. मी मुळं उपटली नाहीत, मामा. बघायचं कुठे एवढं सांगितलं. याला तपासणी म्हणायचं नसेल तर दुसरा शब्द सुचवा, मी आमच्या कक्षाची पाटी बदलून घेते.

आता तरी लिहा.

तुमची भाची


१२ एप्रिल

मामा,

खोकं मिळालं.

आत चिठ्ठी असेल म्हणून मी गवत, कागद, सगळं चाळलं. चिठ्ठी नाही. तुमच्या टेबलावरचा दिवा, ज्याच्या उजेडात मी शाळेची सगळी वर्षं अभ्यास केला, जो तुम्ही जाताना कुणालाही हात लावू न देता स्वतः बांधून नेला होतात, तो. आणि त्याला दोऱ्याने बांधलेला पुठ्ठ्याचा तुकडा. तुमचं अक्षर. 'बंद आहे.' इतक्या महिन्यांत तुमच्याकडून आलेले पहिले दोन शब्द, आणि तेही दिव्याबद्दल.

शनिवारी खोलीत घेऊन गेले. स्टुलावर मी, शेजारी किटली, मागे जिराफ, आणि चौथे नियंत्रक, छत्री मांडीवर घेऊन. तळ उघडायला मला फार वेळ लागला नाही, हे मुद्दाम नोंदवते. बटण ठीक. होल्डर ठीक. मग तार बघितली. जुन्या दिव्याची तार कशी झिजते, वाकते, ठिसूळ होऊन तुटते ते मला आता माहीत आहे. ही तशी तुटलेली नव्हती. सरळ, स्वच्छ, पक्कडीने कापलेली होती, आणि टोकं पुन्हा आत नीट दडवून ठेवलेली.

मी काही बोलायच्या आत किटली म्हणाली, "मॅडम, हे मुद्दाम केलंय. मला विचारा, मी केलेलं आहे."

सगळे हसले. नियंत्रक तर एवढे हसले की छत्री पडली. म्हणाले, "अरे! परीक्षेला विरोध करणाऱ्या माणसाने प्रश्नपत्रिका काढली की!" मला हसताना रडू आलं, मग पोरांनी पाणी दिलं.

तार सोलली, जोडली, तपासली. तिघांचेही हात मागे होते. मी स्वतः पाहिले. दिवा लागला. आत्ता त्याच्याच उजेडात हे लिहिते आहे.

तेव्हा मामा, उत्तर लिहून झालं. पण आमच्या कक्षाचा एक नियम आहे, निकाल टपालाने कळवत नाही. परीक्षकाने स्वतः यावं, डोळ्यांनी बघावं आणि मग काय ते बोलावं. दिवाही परत पाठवणार नाही, न्यायला यावं लागेल. मामीला तिकिटं काढायला मी कालच सांगितलं आहे.

शनिवारी दुपारी खोली उघडी असते. या, आणि हात पुढे करून या. ते मागे ठेवायचं काम आता आम्ही करतो.

तुमची भाची